खाऱ्या पाण्यावरच्या कोंबड्या

वडगाव, ता. दर्यापूर
१८ ऑगस्ट २०२३

जय गुरुदेव.

सौ. नीलमताई ईनबाई यांस कौशल्याचा नमस्कार.

माह्या गोपालच्या तेरवीपासून आपलं बोलणं नाई अन् आज एकदम पत्र कसं, असं तुमाले वाटन. माहे कान तुमाले ठाऊक आहेत. त्या तापात गेले ते गेलेच. फोन माह्या कामाचा नाई. अन् तुमची लेक अपेक्षा, माही सून, तुमचा फोन उचलत नाई, हे बी मले दिसते. म्हणून लहानपणी गिरवलेलं आज कामी आणून राहिली. अक्षराले हसजा नका.

काम असं आहे. अपेक्षा म्हणते, आपुन कोंबड्या पाळू. आमच्या घरात आजवर कोणी कोंबडी पाळली नाई. मी मोझरीची माळ घातलेली, अंड्याले हात लावत नाई. पण मी हो म्हटलं. आता जात कोणती घ्यावी हे मले समजत नाई. तिनं मोबाईलवर पाहून ठेवलं, कावेरी म्हणून एक आहे, ती लय अंडी देते. शेजारचा बंडू, जो दर्यापूरले जीप चालवतो, तो म्हणते कडकनाथ आणा. तुमच्या घरी तर कोंबड्या कायमच्या. तुमच्यापेक्षा जास्त कोणाले समजन? जी घरच्या आंगणात निभावन अशी जात सांगजा.

हे पत्र मी लिहिलं ते तिले ठाऊक नाई. बाकी सगळं ठीक आहे. वावरात पराटी बरी आहे. अपेक्षाची तब्येत बरी आहे.

तुमची,
कौशल्या


अकोला
२७ ऑगस्ट २०२३

श्रीमती कौशल्याबाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कोंबडीची जात आधी ठरत नाही. कोंबडी कशासाठी पाळायची, हे आधी ठरतं. अंडी खायला पाळायच्या की विकायला? कोंबडे मोठे करून कापायचे आहेत का? दिवसभर मोकळ्या सोडणार की कोंडून ठेवणार? खाद्य विकतचं आणणार की वावरातलं, आंगणातलं जे मिळेल त्यावर ठेवणार? पाणी कोणतं पाजणार? तुमच्याकडं विहिरीचं पाणी खारं, तोंडात धरवत नाही. आणि त्यांच्याकडं पाहणार कोण?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. पाहणार माझी लेक. तिचं वय काय, तिनं बी.ए. कशासाठी केलं? नवरा गेला, मूल नाही, आणि आता तुमच्या कोठ्यात शेणासोबत कोंबड्यांची घाणही तीच उचलणार. तुम्हाला ऐकू येत नाही, घरात माणूस लागतं, हे मी समजू शकते. पण त्यासाठी कोणाची तरी पोर अडकवून ठेवायची का? तिच्या बाबांचीही झोप उडाली आहे. ते बोलत नाहीत, एवढंच.

आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या. मग जात सांगेन.

नीलम


वडगाव
६ सप्टेंबर २०२३

जय गुरुदेव.

ईनबाई, तुमचं पत्र वाचलं अन् चुलीजोळ बसून राहिली. राग नाई आला. मायनं असंच लिहावं. पण मी पहिल्या पत्रात एक खोटं लिहिलं. अपेक्षाची तब्येत बरी आहे, असं लिहिलं. ते खरं नाई.

ती काम सगळं करते. निंदाले जाते, सयपाक करते, मले औषध देते. जेव म्हटलं का जेवते. पण तिले काईच नको असते. सणाले लुगडं घेऊ म्हटलं, नको. मायरी जा म्हटलं, नको. दोन खेपा मी तिची बॅग भरून दारात ठेवली. दोन्ही खेपा तिनं कपडे काढून पुन्हा फळीवर लावले. दुपारी कोठ्यात जाऊन बसते. बैल तर आमी विकले. रिकाम्या गव्हाणीसमोर बसून राहते. मी दारातून पाहतो अन् फिरतो.

मंग धोंड्याच्या महिन्यात शेजारची एक कोंबडी आमच्या आंगणात आली अन् उकिरडा उकरून राहिली होती. अपेक्षानं घरातून मूठभर ज्वारी आणली, तिच्यासमोर टाकली अन् तिथंच उकिडवी बसली. कोंबडी गेली तरी बसली होती. संध्याकाळी भाकरी टाकता टाकता माह्याकडे वळून काई बोलली. मी तिले म्हटलं, पुन्हा सांग. मले वाटलं माह्या डोयायनं ओठ चुकीचे वाचले. ती म्हणे, "आई, आपुन कोंबड्या पाळू का?"

गोपाल गेल्यापासून तिनं मागतलेली ही पहिली गोठ आहे. म्हणून माह्यासारखी माळकरीण तुमाले कोंबडीची जात विचारून राहिली.

आता तुमचे प्रश्न. घरी खायच्या नाई. कापाच्या तर नाईच. अंडी झाली तर ती अंगणवाडीच्या बाईले देईन म्हणते. मोकळ्या राहतीन. खाणं म्हणजे ज्वारी, तुरीची चुरी, कुटारातले किडे. पाणी खारं, पण नळाचं गोडं पाणी एक दिवसाआड येते, ते भरून ठेवू. अन् सगळ्यात मोठं, त्या मराले नको. एकीचंही मरण तिच्यासमोर नको. अशी जात असन तर सांगा.

ती तुमचा फोन काहून उचलत नाई, हे तुमाले कोणी सांगतलं नसन. तेरवीच्या दिवशी मांडवात तुमी तुमच्या जावेजोळ स्थळाची गोठ काढली होती. ती पंगतीले पाणी घेऊन मांगंच उभी होती. माहे कान नाई, पण तिचं तोंड मी पाह्यलं. म्हणून मंग तुमचे ओठ पाह्यले.

मी तिले अडकवलं नाई. तुमी न्याले या, मी स्वतः गाडीत बसवून देतो.

कौशल्या


अकोला
१७ सप्टेंबर २०२३

विहीणबाई,

तुमच्या पत्राचं उत्तर लिहायला बसते आणि उठते, असं बरेच दिवस झालं.

स्थळाचं मी बोलले. ती पोर ऐकतेय हे माहीत नव्हतं. माहीत असतं तरी कधी ना कधी बोललेच असते. आई मी आहे. त्या मांडवात सगळे गेलेल्याचा विचार करत होते, मी राहिलेलीचा करत होते. एवढंच लिहिते. आता कोंबड्यांचं.

मरणार नाही अशी जात नसते, हे आधी सांगून ठेवते. पण तुमच्या घराला कोणती सोसेल, ते सांगू शकते.

कावेरी, गिरिराज, वनराज या चांगल्या जाती आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. माझ्याकडंही आहेत. अंडी भरपूर देतात. पण त्या अंगानं जड. कुत्रं मागे लागलं तर उडून झाडावर बसता येत नाही. त्यांना वेळच्या वेळी खाद्य लागतं. आणि खुडूक फारशा बसत नाहीत. म्हणजे अंडं घालतात आणि विसरून जातात. पिल्लं हवी असतील तर दरवेळी मशीनवाल्याकडून आणा. कडकनाथ दिसायला काळा, बोलबाला मोठा, पण तो मांसासाठी पाळतात, आणि तुम्हाला कापायचं नाही.

तुमच्यासाठी गावरानच. अंडी कमी, पण ती अंड्यावर बसते, पिल्लं पंखाखाली घेते, घार दिसली की सगळ्यांना गोळा करते. पांढऱ्या रंगाची नको, वरून लगेच दिसते. भुरी, तांबडी, ठिपक्यांची चालेल. लांब पायाची, बारीक अंगाची पाहा, ती तुमचा उन्हाळा काढेल.

पण अकोल्याच्या बाजारातून आणू नका. मी गोड्या पाण्यावर वाढवलेल्या कोंबड्या एकदा माझ्या बहिणीकडं खारपाणपट्ट्यात दिल्या होत्या, त्यांना हगवण लागून महिनाभरात निम्म्या गेल्या. तुमच्याच गावात ज्या बायांकडं आजीच्या काळापासून कोंबड्या आहेत, त्यांच्याकडची अंडी घ्या. त्या कोंबड्यांच्या आया आणि आज्या तेच पाणी पिऊन जगल्या. एका घरची सगळी नको, वेगवेगळ्या घरची घ्या, म्हणजे पुढं भाऊ-बहिणीचीच वीण होणार नाही. अंडी ताजी हवीत, मळलेली चालतील, पण धुवायची नाहीत.

ही अंडी आणायला तिलाच पाठवा. तुम्ही जाऊ नका. पाय दुखतो म्हणा.

उबवायला खुडूक कोंबडी लागेल. माझी भुरी सध्या खुडूक आहे, अंड्यावरून उठवलं की चोच मारते. तिच्यावर माझा भरवसा आहे. एका कोंबडीला गोडं पाणी पुरवाल ना? मी बंडूच्या जीपमध्ये दर्यापूरहून देण्याची व्यवस्था करते. टोपलं झाकूनच ठेवा, अंधारल्यावर अंड्यांवर बसवा, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणी डोकावू नका.

माझ्याकडून आली असं सांगू नका. परत पाठवेल.

नीलम


वडगाव
२ नोव्हेंबर २०२३

जय गुरुदेव.

ईनबाई, पिलं निघाली.

आता सुरवातीपासून सांगतो. तुमच्या म्हणण्याप्रमाणं मी पाय धरून बसली. अपेक्षा दोन दिवस म्हणे, मंग जाईन, मंग जाईन. गोपाल गेल्यावर ती वावराशिवाय कुठं गेली नव्हती. वावरात जाचं तं मांगच्या वाटेनं. मंग एका सकाळी डोक्यावर पदर घेऊन टोपली उचलली अन् पुढच्या दारानं गेली. मी ओसरीवरून पाहून राहिली. पहिल्या घरी उभी राहिली, आत गेली नाई. दुसऱ्या घरी बसली. तिसऱ्या घरच्या म्हातारीनं, पार्वताबाई तिचं नाव, तिचा हात धरून आत नेलं अन् लय वेळ सोडलं नाई. परत आली तवा डोये सुजलेले होते, पण टोपलीत अंडी होती अन् कोणतं कोणाच्या घरचं ते तिनं कोयशानं खूण करून आणलं होतं. मले एक एक दाखवलं.

संध्याकाळी बंडू टोपलं घेऊन आला. मी सांगतलं, बाजारातून मागवली. अपेक्षानं टोपल्यावरचं फडकं सोडवलं, हातात घेऊन उभी राहिली. ते तुमच्या जुन्या पिवळ्या साडीचं होतं. तुमी तेवढं विसरल्या. मले वाटलं आता गेली कोंबडी परत. तिनं फडक्याची घडी केली अन् बंडूले विचारलं, "मम्मी आली होती का दर्यापूरले?" बंडूले खोटं बोलता येत नाई. त्यानं सांगतलं, आल्या होत्या, टोपलं मांडीवर घेऊन बसस्टँडवर बसल्या होत्या, मी म्हटलं चला ना जीपमंदी, अर्धा तास तर रस्ता आहे. नाई म्हटल्या. जीप निघाली तरी उभ्या होत्या.

ती भुरीले कोठ्यात घेऊन गेली. कुटार टाकून टोपल्यात घर केलं, अंडी मांडली अन् अंधार झाल्यावर तिले वर ठेवलं. आमी दोघी उभ्या होतो. ती उठली. फिरली. मले वाटलं, गाडीनं बिचकली, आता बसत नाई. मंग तिनं चोचीनं एक अंडं पोटाखाली ओढलं, मंग दुसरं, अन् पंख सैल सोडून बसली. अपेक्षानं माहा हात दाबला.

काई अंडी वाया गेली, पण बाकी सगळ्यायतून पिलं आली. तांबडी, ठिपक्याची, एक मान उघडी असलेलं. दिवसभर ती कोठ्यातच असते. पण आता रिकामी बसत नाई.

तुमी काहून नाई आल्या, ईनबाई? आमच्या घराचं दार तुमाले बंद नव्हतं.

कौशल्या


अकोला
१५ नोव्हेंबर २०२३

विहीणबाई,

दिवाळी आम्हीही केली नाही. पिल्लांचं वाचून बरं वाटलं.

का आले नाही म्हणता. आले असते आणि तिनं तोंड फिरवलं असतं, तर त्यानंतर मला काही करता आलं नसतं. कोंबडी परत येणार नाही एवढी आशा होती. माझं तसं नव्हतं.

पिल्लांना डोळ्यात थेंब टाकायची लस असते, मानमोडीची. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात विचारा. पुढं मोठी झाल्यावर त्याच रोगाची दुसरी टोचावी लागते. ती चुकवू नका. मानमोडी आली की औषध नसतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. नवीन कोंबडी कोणी दिली तर लगेच मिसळू नका, वेगळी ठेवा.

ती माझं नाव काढते का?

नीलम


वडगाव
३ मार्च २०२४

ईनबाई, हे पत्र बंडू मोबाईलवर फोटो काढून तुमाले पाठवून राहिला. पोस्टानं पोचाले वेळ नाई.

गावात मानमोडी आली. आधी वरच्या आळीतल्या कोंबड्या गेल्या, मंग पार्वताबाईच्या. आमच्या मोठ्या कोंबड्यायले दोन्ही लसी झाल्या. भुरीनं संक्रांतीजोळ दुसऱ्यानं पिलं काढली, त्यायले दुसरी लस व्हायची होती. आधी ती पिलंच पडली. माना वाकड्या होऊन पाठीवर जातात, हिरवं हगतात, पाय ओढतात. आता मोठ्याही सुस्त होऊन राहिल्या. तुमची भुरी सकाळपासून उठली नाई.

पहिलं पिलू मेलं तवा मी अपेक्षाच्या आधी उठून ते उकिरड्यामांगं पुरलं. तिले म्हटलं, मांजरीनं नेलं. ती माह्याकडे पाहत राहिली अन् गेली ते नवी माती उकरून आली. म्हणे, "आई, मले लपवून ठेवू नका. आता तरी नका." तेव्हापासून कोठ्यात आहे. दार लावून घेतलं. जेवाले येत नाई. मी खिडकीतून पाहतो, एकेकीले मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजते.

मले भ्या वाटते. मीच तुमाले लिहिलं होतं का मरण नको, अन् तेच तिच्या पुढ्यात आणून ठेवलं. काय करू ते सांगा. तिले काय सांगू ते सांगा.

कौशल्या


अकोला
१४ मार्च २०२४

विहीणबाई,

वडगावहून सुखरूप पोचले. तुमच्या चपला घालून आले, त्या माझ्याकडंच आहेत. माझ्या तिथंच जाळल्या ते बरं झालं, नाहीतर तो रोग मी पायानं माझ्या कोंबड्यांपर्यंत आणला असता. घरी येऊन दारातच अंघोळ केली.

तुम्ही कोठ्याच्या उंबऱ्यात उभ्या होतात. आमचं तोंड गव्हाणीकडं होतं, आम्ही काय बोललो ते तुम्हाला दिसलंही नसेल. पण ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिते.

मी आत गेले तेव्हा तिच्या मांडीवर भुरी होती. तिनं मान वर केली, पण मी आले याचं तिला काही वाटलं नाही. जणू मी शेजारच्या खोलीतून आले. मी नेहमीसारखी कामाला लागले. म्हटलं, "या पडलेल्या आहेत त्या वाचणार नाहीत, अपू. यांना वेगळं काढ, संपव, चुना टाकून पुर. ज्या उभ्या आहेत त्या दुसरीकडं हलव. आणि मग तू माझ्यासोबत चल. झालं तेवढं पुरे."

ती म्हणाली, "हलवल्या. उभ्या आहेत त्या कालच ओसरीमागं नेल्या. चुना बी आणला."

मी म्हटलं, "मग इथं बसून काय करून राहिली?"

"बसून राहिली."

मला राग आला. मी म्हटलं, याला काय अर्थ आहे, मरणाऱ्या कोंबडीला पाणी पाजून काय होणार, तुझाच जीव जाईल. आवाज चढला असेल, तुम्ही तेव्हाच पुढं आलात. ती मात्र शांत बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते.

"मम्मी, विहिरीच्या मोटारीजोळ त्यायले शॉक लागला तवा मी घरी होती. मले वावरात जाऊ दिलं नाई. बाया धरून बसल्या. दवाखान्यातून आणलं तं कपड्यात गुंडाळून आणलं, तोंड दाखवलं न दाखवलं अन् उचललं. मले वाटे, त्यायनं पाणी मागतलं असन का? कोणी होतं का जोळ? वर्ष झालं, मी तेच पाहत बसतो अन् मले काईच दिसत नाई, कारण मी तिथं नव्हती. या मरून राहिल्या तं मले यायच्याजोळ तरी बसू दे."

मी त्या दिवशी अकोल्याहून पोचले तेव्हापासून तिच्या दंडाला धरून बसलेल्या बायांमध्ये होते, विहीणबाई. आम्हाला वाटलं, पोरीनं ते पाहू नये.

मी तिच्याशेजारी बसले. तुम्ही तेव्हा आमच्याकडं पाहिलंत आणि निघून गेलात, नंतर चहा आणून ठेवलात. तो गार झाला. भुरी दुपारी गेली. तिचं अंग हळूहळू जड होत गेलं आणि शेवटी तिची मान सरळ झाली. अपेक्षानं तिचे पंख मिटवले. मग ती रडली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून. ती लहानपणी पडली-झडली की जशी रडायची, तशीच. तेरवीला ती रडली नव्हती, तुमच्या लक्षात होतं का? माझ्या नव्हतं.

खड्डा आम्ही दोघींनी खणला. चुना तिनं टाकला. तुम्ही वरून माती लोटलीत, माळकरीण असून.

मी तिला चल म्हटलं नाही. निघताना तीच म्हणाली, आईचे कान एकदा अमरावतीला नेऊन दाखवायला पाहिजेत. मी हो म्हटलं.

उरलेल्यांचं कळवा.

नीलम


वडगाव
२ एप्रिल २०२४

जय गुरुदेव.

ईनबाई, तुमचं पत्र मी जपून ठेवलं. तिनं काय म्हटलं ते मले तुमच्यामुळं समजलं. मी वर्षभर तिच्या ओठाकडे पाहून राहिली होती अन् ते तिनं कधी ओठावर आणलंच नाई. माह्या लेकाजोळ मी बी नव्हती. हे मी कोणाजोळ बोलली नाई, आज तुमाले लिहिलं. अपेक्षालेही सांगतलं. आमी दोघी एका रात्री जेवल्याच नाई, अन् दुसऱ्या दिवशी पोटभर जेवलो.

गावातल्या बहुतेक सगळ्या कोंबड्या गेल्या. आमच्या काई वाचल्या. उघड्या मानेचा तो कोंबडा, अन् बाकी तलंगा, अंड्यावर यायच्या. एकीची मान अजून थोडी वाकडी राहिली, पण खाते. त्या पार्वताबाईच्या घरच्या अंड्यायच्या जास्त आहेत, पिलं निघाली तवाच तिनं त्यायच्या पायाले खुणेचे दोरे बांधले होते, ते पाहून सांगते.

परवा पिलंवाला टेम्पो आला होता. जातिवंत पिलं, रंगीत रंगीत. बायायनं गर्दी केली. अपेक्षा बी गेली, पाहून परत आली. मी विचारलं, घेतली नाई? ती म्हणे, "चांगली आहेत. पण ज्या हा रोग काढून उभ्या राहिल्या, त्यायचीच पैदास करू. अंडी कमी देतीन तं देतीन." बायायले बी तिनं सांगतलं, नवी पिलं आणाची घाई करू नका, उन्हाळा जाऊ द्या, जागा चुन्यानं धुवा. त्या ऐकतात तिचं.

आता माहं म्हणणं. तुमी तिले घेऊन जा. आता ती येईन असं मले वाटते. माही काळजी करू नका. बंडूची बायको जाता-येता डोकावते. मी हे तिच्यासमोर लिहून राहिली, लपवून नाई.

कौशल्या


वडगाव
२१ जुलै २०२४

मम्मी,

आईनं तुला एप्रिलमध्ये लिहिलेलं मी वाचलं. "तिलाच विचारून घ्या" असं तू तिला उत्तर पाठवलंस, तेही वाचलं. इतके दिवस लागले कारण मला स्वतःला विचारायला वेळ लागला.

कानांचं आधी सांगते. अमरावतीला जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, एका कानात थोडं उरलंय, मशीन लावून पाहू. लावलं. आई दचकली. मग दवाखान्याबाहेर ऑटो, हॉर्न, क्लासमधून सुटलेल्या पोरी, सगळं एकदम. तिनं मशीन काढून हातात धरलं आणि म्हणाली, एवढा आवाज असते का? घरी थोडा वेळ घालते. माझा आवाज तिला पातळ वाटतो म्हणे.

पिल्लं निघाली आहेत. यावेळी दोघी जणी एकदम खुडूक बसल्या. पार्वताबाईंच्या खुराड्यात एकही उरली नव्हती. त्या स्वतः आल्या, बाजेवर बसून तासभर पिल्लं निवडत होत्या, कोणतीच पसंत पडेना. मग त्यांनी वाकड्या मानेची तलंग मागितली. मी म्हटलं, ही का? तर म्हणाल्या, ही मले समजते. दिली.

अंडी खरंच कमी आहेत. बायका म्हणतात, टेम्पोवाल्याकडच्या जास्त देतात. ज्यांना अंडी विकायची त्यांनी त्याच घ्याव्या, मी तसंच सांगते. ज्यांना घरात पिल्लं हवी त्यांना माझ्याकडच्या देते. कुणाच्या घरी काय निभेल ते पाहून सांगावं लागतं. तूही तसंच सांगायचीस, गल्लीतल्या बायकांना. मी तेव्हा कंटाळायचे.

आता तुझ्या प्रश्नाचं. मी सध्या इथंच राहते. आईला माणूस लागतं म्हणून नाही. ती मला बाहेर काढायला टपली आहे. गोपालसाठीही नाही. मागच्या आठवड्यात मी पहिल्यांदा मोटारीपाशी गेले. नवीन पेटी बसवली आहे, खांबही बदललाय. तिथं बसले. काहीच झालं नाही. रडू आलं, तेवढंच. मग तूर कुठं विरळ उगवली ते पाहत बांधावरून घरी आले.

स्थळाचं म्हणशील, तर आत्ता नको. कधीच नको असं मी म्हणत नाही. तू त्या मांडवात का बोललीस ते मला आता कळतं, पण त्या दिवशी ऐकलं ते अजून दुखतं. दोन्ही खरं आहे. तुझा फोन उचलेन. पहिल्यांदा नीट बोलता आलं नाही तर ठेवून देऊ नको.

पुढच्या वर्षी काय, हे मला माहीत नाही. अमरावतीला एखादा कोर्स करावा असं मनात येतं आणि जातं. यात दुःख किती आणि हट्ट किती, तेही मला नीट सांगता येत नाही. पण सकाळी जाग आली की उठावंसं वाटतं, मम्मी. मधे बरेच महिने वाटत नव्हतं. एवढं तुला माझ्या हातानं कळवायचं होतं.

बाबांना सांग.

तुझी,
अपू